धबधब्याला नाही, टाक्याला चला!

पालघरच्या डोंगरमाथ्यांवरही छोटी छोटी तळी आहेत. ती बघायला जुलै नको, जानेवारी हवा. आणि हो, पोहायचे कपडे घरीच ठेवा!

जूनचा दुसरा-तिसरा आठवडा उजाडला, की कॉलेजच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर तो एक मेसेज पडतोच. ‘संडेला धबधबा? कोण कोण येतंय?’ पुढच्या पाच मिनिटांत अंगठ्यांचा पाऊस. मग वाघोबा की जव्हारचा दाभोसा यावर वाद, बाइक कोणाच्या यावर वाद, पेट्रोलचे पैसे कोण देणार यावर तर महावाद. आणि शेवटी पंधरातले सहा जण निघतात. तुमच्या ग्रुपवर हे होत नसेल, तर तुम्ही पालघर जिल्ह्यात राहत नाही, एवढंच म्हणेन.

या मेसेजला माझा विरोध आहे. तुमच्या फिरण्याला अजिबात नाही, फक्त महिन्याला आणि ठिकाणाला आहे. आपल्या डोंगरात पाणी बघायचं असेल, तर ते पडताना बघण्यापेक्षा साठलेलं बघायला जा. डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत, एखाद्या गडाच्या माथ्यावर, कातळात खोदलेल्या टाक्यापाशी. सगळा डोंगर वाळून पिवळा पडलेला असतो, पाचोळा पायाखाली करकर वाजत असतो, घसा कोरडा झालेला असतो. आणि अशात वर पोचल्यावर समोर काळ्या दगडात निवांत बसलेलं पाणी दिसतं. हा अनुभव कुठल्याही धबधब्याला जमणार नाही.

काश्मीर लांब आहे, मनोर जवळ आहे

इन्स्टावर सध्या कोणाच्या रील बघता? काश्मीर ग्रेट लेक्स ट्रेक, विशनसर, गडसर, गंगाबल. निळंशार पाणी, मागे बर्फाचा डोंगर, काठावर एक लाल जॅकेट. आपण सेव्ह करतो, मित्राला टॅग करतो आणि ‘एकदा जायचंच’ म्हणून झोपतो. तिकीट, तंबू, गाइड, बूट असा हिशेब केला, की ते ‘एकदा’ नोकरी लागेपर्यंत पुढे जातं.

तसली तळी आपल्याकडे नाहीत, हे खरं. बर्फाच्या नद्यांनी हजारो वर्षं डोंगर खरवडला, की उंचावर खळगे तयार होतात आणि बर्फ वितळला की तिथे तळी उरतात. सह्याद्रीच्या वाट्याला अशा हिमनद्या आल्याच नाहीत. आपला डोंगर साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. चार महिने बदाबदा पाऊस पडतो आणि उतारावरून तेवढ्याच वेगानं खाली पळतो. दिवाळी झाली की ओढे आटतात. माथ्यावर पाणी हवं असेल, तर ते कोणीतरी अडवून ठेवायला हवं. आणि ते कोणीतरी अडवून ठेवलंय. छिन्नी-हातोडा घेऊन, शेकडो वर्षांपूर्वी.

म्हणजे बघा, हिमालयातलं तळं निसर्गानं केलंय. आपलं टाकं माणसानं केलंय. मला तरी दुसऱ्या गोष्टीचं जास्त अप्रूप वाटतं.

टाकं खोदणं हे भलतंच हुशारीचं काम होतं. आधी पक्का, भेगा नसलेला कातळ शोधायचा. नाहीतर अख्खं टाकं खोदून व्हायचं आणि पाणी झिरपून जायचं. वरच्या उताराचं पाणी आत यावं म्हणून कातळात बारीक पन्हळी कोरायच्या. काही ठिकाणी कातळ आडवा आत कोरत न्यायचा आणि छत पडू नये म्हणून मध्ये दगडाचेच खांब सोडायचे. याला म्हणतात खांबटाकं. आतल्या पाण्याला ऊन लागत नाही, त्यामुळे ते कमी उडतं. आणि खोदून निघालेला दगड तटबंदीला वापरायचा, म्हणजे फुकट काहीच जात नाही.

ही विद्या गडांपेक्षाही जुनी आहे. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांमध्ये डोंगरभर अशी टाकी आहेत आणि तिथल्या प्राकृत शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलंय. ती कोणी दान केली, याच्या नोंदी दगडावर आहेत. दान देणाऱ्यांत कल्याणचे आणि सोपाऱ्याचे व्यापारी आहेत. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा! आज लोकलमध्ये ज्या स्टेशनावरून आत शिरायला मारामारी होते, त्या गावचा एक माणूस जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी अनोळखी लोकांच्या तहानेसाठी पैसे देऊन गेला. पुढे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त गड कसा बांधावा हे सांगितलं, तेव्हाही पहिली अट पाण्याचीच ठेवली. पाणी नसेल तर गड नाही, इतकं साधं.

जायचं कुठे?

पालघरवाल्यांनो, तुमच्यासाठी काळदुर्ग. मनोरची एसटी पकडायची आणि वाघोबा खिंडीत उतरायचं. तिथल्या वाघोबाच्या देवळात सगळे ट्रकवाले थांबून हात जोडतात, तुम्हीही जोडा. गडाचा चौकोनी कातळमाथा लांबूनही ओळखू येतो. वर खोदीव टाकी आहेत आणि खाली पालघर ते समुद्र असा सगळा पसारा.

बोईसरवाल्यांना आसावा गड. चिल्हार रस्त्यावरच्या वारांगडे गावातून वाट आहे. वर कातळात खोदलेली टाकी आहेतच, शिवाय दगड रचून बांधलेलं एक भलं मोठं टाकंही आहे. सफाळ्याच्या जवळ तांदुळवाडी. त्याच्या लांबट माथ्यावर टाक्यांची रांग आहे आणि वरून वैतरणा वळसे घेत समुद्राकडे जाताना दिसते. वाडा-मनोर रस्त्यावर वाघोटे गावाच्या डोक्यावर कोहोज. त्याच्या माचीवर सात टाकी आहेत आणि माथ्यावर वाऱ्या-पावसानं घडवलेला, माणसासारखा दिसणारा एक सुळका.

आणि माझा लाडका अशेरी. मुंबई-अहमदाबाद हायवेवर मस्तान नाक्याच्या पुढे खडकोना गावातून वर जायचं. वाटेत जंगल आहे, शेवटी थोडा अवघड कातळ आहे. १५५६ मध्ये हा गड पोर्तुगीजांकडे गेला. त्यांचं राजचिन्ह कोरलेला दगड अजून तिथे पडलेला आहे. पुढे चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेच्या काळात मराठ्यांनी तो घेतला. माथ्यावर अशेराईची गुहा आणि पाण्याची टाकी. ट्रेकर मंडळी वर्षानुवर्षं इथलं पाणी पीत आली आहेत.

यातला एकही गड इतका उंच नाही की तुम्हाला जमणार नाही.  सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या जेवणाला घरी. खर्च म्हणाल तर लोकल, एसटी, वडापाव.

एका टाक्याचं गणित

‘ठीक आहे, पण पाण्याचा एक खड्डा बघायला कोण जाणार?’ असं तुम्ही म्हणाल. म्हणूनच एक छोटं गणित करू.

समजा, टाक्याचं तोंड तीन मीटर बाय चार मीटर आहे आणि खोली दोन मीटर. म्हणजे २४ घनमीटर, अर्थात २४,००० लिटर. पालघरच्या डोंगरात एका पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. दोन हजार मिलिमीटर म्हणजे दोन मीटर. म्हणजे उतारावरून एक थेंबही आला नाही, नुसत्या तोंडात पडलेल्या पावसानंही हे टाकं काठोकाठ भरतं. आता गडावर वीस माणसं आहेत आणि प्रत्येकाला रोज पाच लिटर मिळतात असं धरा. रोजचे १०० लिटर. उन्हानं उडणारं पाणी सोडलं, तर हे टाकं २४० दिवस पुरतं. १ ऑक्टोबरपासून मोजा. मेचा शेवटचा आठवडा येतो. म्हणजे पुढचा पाऊस दारात.

ज्यांनी ते खोदलं, त्यांच्याकडे कॅल्क्युलेटर नव्हता. पण किती पाऊस पडतो, तो किती दिवस पुरवायचाय आणि किती माणसांत, हे तिन्ही आकडे त्यांना माहीत होते. आपल्याला यातला एक तरी माहीत आहे का? मी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरची टाकी किती लिटरची आहे हे विचारलं, तेव्हा कोणालाच सांगता आलं नाही. मोटर लावायची वेळ मात्र सगळ्यांना पाठ!

हे आपल्या जिल्ह्यात कळणं फार गरजेचं आहे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला. पाऊस भरपूर, नद्या दोन मोठ्या, तरी दर उन्हाळ्यात मोखाडा-जव्हारच्या पाड्यांवर टँकर जातात. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण याच मोखाडा तालुक्यात आहे. सूर्या धरणाच्या योजनेतून वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी मिळून रोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी ठरवलेलं आहे. शहरांना पाणी नको, असं मी म्हणत नाही. पण धरणाच्या शेजारच्या बाईनं हंडा घेऊन डोंगर उतरायचा आणि आपण चाळीस किलोमीटरवर शॉवर सोडायचा, यात काहीतरी चुकतंय हे कळायला तरी हवं. पुस्तकात वाचून ते कळत नाही. जुलैच्या धबधब्याखाली उभं राहून तर मुळीच कळत नाही, कारण तेव्हा सगळीकडे पाणीच पाणी असतं. फेब्रुवारीत आपली बाटली अर्ध्या वाटेत संपली, की लगेच कळतं.

बोईसरच्या मुलांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशातल्या औद्योगिक वसाहतींत तारापूरचा आकडा सगळ्यात वाईट होता. अशा गावात वाढलेल्या मुलानं आसाव्यावर जाऊन बसावं, एका बाजूला कातळातलं टाकं आणि दुसऱ्या बाजूला खाली बोईसर एकाच नजरेत बघावं. भाषणाची गरजच पडणार नाही.

आणि आपण तिथे काय करतो?

मागच्या जानेवारीत मी अशेरीवर गेले होते. एक ग्रुप आमच्या आधी पोचला होता. त्यातल्या दोघांनी कपडे काढून टाक्यात उडी मारली. तिसरा व्हिडिओ काढत होता. काठावर शाम्पूची पुडी पडलेली. आमच्याबरोबर आलेले गावातले काका शांतपणे म्हणाले, “प्यायचं पाणी आहे बाळांनो, त्यात अंग कशाला धुता?” उत्तर आलं, “काका, चिल! पाऊस पडला की साफ होईल.”

हे ‘पाऊस पडला की’ नीट ऐका. महिना जानेवारी. पाऊस जूनमध्ये. मध्ये पाच महिने. नदीत साबण गेला तर तो वाहून जातो. टाक्याला बाहेर जायची वाटच नाही. तुमचं सनस्क्रीन, घाम, साबण, बिस्किटाचं रॅपर, सगळं तिथेच मुक्कामाला. तेच पाणी उद्या दुसरा ट्रेकर पिणार, गुराखी पिणार, माकडं आणि पाखरं पिणार. वरच्या वाळलेल्या डोंगरावर त्यांना दुसरीकडे कुठे नळ आहे?

आता धबधब्यांची गोष्ट बघा. जुलै २०२० मध्ये जव्हारच्या काळमांडवी धबधब्यात पाच तरुण बुडाले. दोघं पाण्यात पडले, त्यांना वाचवायला तिघं उतरले, एकही परत आला नाही. त्यानंतरही पावसाळा आला की अशा बातम्या येतात आणि प्रशासन धबधब्यांवर, धरणांवर मनाई आदेश काढतं. आपण आदेशाला शिव्या देतो, पोलीस कुठे उभे आहेत ते ग्रुपवर टाकतो आणि मागच्या वाटेनं जातो.

बंदी आवडत कोणालाच नाही. मलाही नाही. बंदी म्हणजे ‘तुम्हाला अक्कल नाही’ असं सरकारनं लिहून देणं. पण ती येते कशी, हेही बघायला हवं. उत्तराखंडात रूपकुंड नावाचं छोटंसं तळं आहे, सुमारे पाच हजार मीटर उंचीवर. त्याच्या वाटेवर बेदिनीसारखी बुग्याळं लागतात, म्हणजे उंचावरची गवताळ कुरणं. ट्रेकरांचे तंबू, कचरा आणि गर्दी इतकी वाढली, की ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं बुग्याळांवर रात्री मुक्कामालाच बंदी घातली. तळ्यापर्यंत नीट जाणाऱ्यांचीही वाट अडली. आपल्या गडांवर तसं व्हायला हवंय का? आज टाकं घाण केलं, की उद्या कोणीतरी त्यावर जाळी बसवणार आणि परवा गडाच्या पायथ्याशी फाटक लागणार. मग आपणच रील करणार, ‘आमचे गड आमच्यासाठी बंद का?’

काही जण म्हणतील, पावसाळ्यात लोक येतात म्हणून गावातल्या माणसाला चार पैसे मिळतात. चहा, भजी, मक्याचं कणीस. खरंय. पण ती कमाई जेमतेम दोन-अडीच महिन्यांची आणि तीसुद्धा आदेश निघाला की बंद. तीच गर्दी थोडी पांगून थंडीत आली, गावातल्या एखाद्या मुलाला वाटाड्या म्हणून घेतलं, कोणाच्या घरी भाकरी-भाजी सांगितली, तर पैसे जास्त दिवस येतील. शेतीची कामं उरकलेली असतात, काम शोधायला बाहेर पडायचे हे दिवस. अशा वेळी पाचशे रुपये गावात मिळाले, तर त्यांची किंमत आपल्या पिझ्झापेक्षा पुष्कळ मोठी आहे.

‘पण हिरवळीशिवाय फोटो कसे येणार?’ हा प्रश्न मला खरंच विचारला गेलाय. उत्तर असं, की पिवळं गवत, काळा कातळ आणि त्यात आकाशाचा निळा तुकडा, याला कुठलाच फिल्टर लागत नाही. शिवाय धुक्यात अंगठाही न दिसणाऱ्या तुमच्या जुलैच्या फोटोंपेक्षा यात तुमचा चेहरा तरी दिसेल.

मग ठरवायचं?

एवढंच करा:

• डिसेंबर ते फेब्रुवारीतला एक रविवार पकडा. सकाळी सहा-साडेसहाला पायथा गाठा. मार्च लागला की कातळ तापतो.

• प्रत्येकी किमान तीन लिटर पाणी घरूनच न्या. टाक्याचं पाणी पिण्याजोगं आहे का, हे गावात विचारा. सगळ्या टाक्यांचं नसतं.

• टाक्यात उतरू नका, पाय सोडू नका, साबण काढूच नका. हात धुवायचे असतील तर बाटलीत पाणी घ्या आणि दहा-वीस पावलं लांब जाऊन धुवा.

• शेवाळानं काठ निसरडे असतात आणि तळ दिसत नाही. काठावर उभं राहून सेल्फी नको. टाक्याच्या भिंती उभ्या असतात, पडलात तर धरायला काही नसतं.

• गावातला वाटाड्या घ्या, पैसे आधी ठरवा आणि ठरलेले पूर्ण द्या. वाटाड्याला ‘ए’ नको, ‘दादा’ म्हणा.

• आपला कचरा खाली आणा. दुसऱ्याची एखादी बाटलीही आणलीत तर उत्तम.

आणि कॉलेजांकडे एक मागणी. एनएसएसचं शिबिर दरवर्षी होतं, श्रमदान होतं, गटाराची सफाई होते, फोटो निघतात. एक वर्ष जवळच्या गडाचं एक टाकं घ्या. परस्पर गाळ काढायला जाऊ नका. वन विभाग, पुरातत्त्व खातं, ग्रामपंचायत यांना विचारूनच, अनुभवी दुर्गसंवर्धकांच्या सोबत ते काम करायचं असतं. पण मोजमाप तर कोणीही करू शकतं. दर महिन्याला एकदा जा, दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजा, वहीत लिहा. ऑक्टोबरला किती, फेब्रुवारीला किती, मेमध्ये किती. भूगोलवाल्यांना प्रोजेक्ट मिळेल, बीएमएमवाल्यांना बातमी मिळेल, आणि आपल्या जिल्ह्याला त्याच्या डोंगरावरच्या पाण्याचा हिशेब मिळेल. प्रशासनानं मनाई आदेशाच्या पाट्या लावताना पायथ्याशी आणखी एक पाटी लावावी: ‘वर टाकं आहे. हे प्यायचं पाणी आहे.’ सात शब्द. खर्च फारसा नाही.

त्या सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याला तुमचं नाव माहीत नव्हतं, तरी त्यानं पाणी ठेवलं. आपल्याला तर नवीन काही खोदायचंही नाही. आहे ते जसंच्या तसं मागे ठेवून खाली यायचंय.

तेव्हा यंदा जूनमध्ये तो मेसेज आला, की उत्तरात एवढंच टाका: ‘धबधबा नको. जानेवारीत टाकं. कोण कोण येतंय?’